वीज कडाडायला लागली की शेतातलं काम थांबवायचं कोणी?

काळीमाती | १२ मे, रात्री ९:१०

मागच्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, आमच्या बांधाला लागून असलेल्या शेतात वीज पडून एक बाई गेली. परभणी जिल्हा, एवढंच सांगते. गाव आणि नाव लिहीत नाही. दहा-बारा वर्षं ती माझ्याकडंही खुरपायला, काढणीला यायची.

त्या दिवशी सोयाबीन कापून सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लावून झाली होती. तीनच्या सुमाराला आभाळ काळवंडलं, लांबवर गुरगुरायला लागलं. मालक म्हणाला, "तेवढी ताडपत्री टाकू आणि निघू." चौघीजणी फडफडणारी ताडपत्री चारी कोपऱ्यांनी ओढून धरत होत्या, तो कडेनं दगड ठेवत होता. बांधावरच्या कडुलिंबाला एकीच्या लेकराची झोळी बांधलेली होती. पाऊस आला तशी लेकराची आई आणि ही, दोघी तिकडं पळाल्या. आईनं लेकरू पदराखाली घेतलं आणि सुडीकडं निघाली. ही मागं थांबली झोळीची दोरी सोडायला. झोळी तिच्याच जुन्या लुगड्याची होती, भिजू नये एवढंच तिच्या मनात. वीज लिंबावर पडली.

मी माझ्या शेतातून पळत गेले तेव्हा ती बुंध्यापाशी उताणी होती. अंगावर जखम नाही, कपाळावरचं कुंकू जसंच्या तसं. सुडीजवळच्या दोघीही पडल्या होत्या. त्यातली एक कण्हत होती, तिला आम्ही सगळ्यांनी घेरलं. हिला कोणी हात लावला नाही. कोणीतरी म्हणालं, अंगात करंट असंल. गाडी यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली.

मी त्या मालकाला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही "तेवढी ताडपत्री टाकू" हेच म्हणाले असते. काढलेलं सोयाबीन दोनदा भिजलं की शेंगेत कोंब फुटतात, वर्षाचं पीक हातचं जातं. म्हणूनच विचारतेय. आता वळवाचे दिवस आहेत, पुढं पेरणी. माझ्या शेतात आठ-दहा बाया असतात. कधी थांबायचं, कुठं जायचं आणि हे ठरवायचं कोणी? ज्यांना माहिती आहे त्यांनी नीट सांगा.

---

धुरा | १२ मे, रात्री १०:०५

ताई, वाचून पोटात खड्डा पडला.

आमच्या यवतमाळकडं दरवर्षी एक-दोन बातम्या ठरलेल्या. मे-जूनमध्ये पेरणीच्या तयारीत असलेले, नाही तर सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढणारे. वेळही बहुतेक दुपारी तीन ते संध्याकाळी सहाची, म्हणजे नेमकी माणसं वावरात असतात ती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं मेली. पूर, उष्माघात, थंडी, दरडी सगळं धरून नैसर्गिक आपत्तीतले जे मृत्यू होते, त्यांत एकतृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या विजेचा. पुराची बातमी आठवडाभर चालते. वीज एकेका वावरात एकेक माणूस नेते, म्हणून तिची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

---

तारेवरचा | १२ मे, रात्री ११:२०

मी लाइनमन आहे, २२ वर्षं खांबावर काढली. जे रोज हाताळतो त्यावरून सांगतो.

लोकांना वाटतं वीज "अंगावर" पडते. थेट डोक्यावर पडून मरणारे फार थोडे. ती झाडावर पडते आणि दोन वाटांनी माणसाला गाठते. पहिली वाट, बुंध्यावरून उडी मारून. ओल्या लाकडापेक्षा माणसाच्या अंगातून जाणं तिला सोपं, म्हणून बुंध्याजवळ उभा असलेला माणूस सापडतो. ताई, तुमच्या त्या बाईचं हेच झालं असणार. दुसरी वाट जमिनीतून, आणि तिनं जास्त माणसं जातात. वीज जमिनीत शिरली की चारी बाजूंनी पसरते. झाडापाशी विजेचा दाब जास्त, लांब जावं तसा कमी. तुमचा एक पाय झाडाकडं, दुसरा तीन फूट लांब असेल तर दोन पायांमधल्या दाबाच्या फरकानं करंट एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. सुडीजवळच्या दोघी पडल्या त्या यामुळं.

जिवंत तार तुटून पडली तर आम्ही शिकवतो ना, पाय जोडून बारीक उड्या मारत लांब जा, टांगा टाकत पळू नका, त्याचं कारण हेच. बैल-म्हशी लवकर मरतात त्याचंही हेच. पुढच्या आणि मागच्या पायांत पाच फुटांचं अंतर, आणि मधे काळीज.

वादळानंतर शेतात जाल तेव्हा आधी तारा बघा. पडलेली तार "मेलेली आहे" असं समजून काठीनं बाजूला करू नका. आणि गडगडत असताना विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला हात नको. लांब कुठंतरी लाइनवर वीज पडली तरी ती तारेतून पेटीपर्यंत येते.

---

मेंढरामागं | १३ मे, सकाळी ७:१५

आम्ही माण तालुक्यातले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरतो, पावसाच्या तोंडाला परत माळावर. माळावर ना घर ना कोठा.

चुलत्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, एकदा बाभळीखाली बसला होता, मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. एका आवाजात तीसेक मेंढरं गेली. एकाही मेंढराला भाजल्याची खूण नव्हती, सगळी एकाच अंगाला कलंडलेली. मेंढरं भिजली की एकमेकांना चिकटून झाडाखाली गोळा होतात, आणि माणूसही त्यांच्यातच शिरतो ऊब घ्यायला.

वर तारेवरच्या दादांनी जमिनीतल्या करंटचं सांगितलं ते मला आज कळलं. आम्ही आता करतो ते असं: आभाळ फुगायला लागलं की टेकाडावरून मेंढरं खाली उतरवायची. ओढ्यात नाही, ओढा भरून येतो. उतरणीला, झाडापासून लांब. आणि आपण एकमेकांपासून लांब लांब बसायचं. घरची माणसं एका घोंगडीत बसायची नाहीत, हे माझ्या आजीला पटवायला दोन वर्षं लागली. एकावर बेतलं तर उठून धावायला दुसरा पाहिजे.

---

ग्रामीण_डॉक्टर | १३ मे, दुपारी २:३०

काळीमातीताई, हे तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. पुढच्या वेळी कोणीतरी वाचावं म्हणून लिहितो.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. अजिबात नाही. वीज सेकंदाच्याही बारीक तुकड्यात निघून जाते. त्याला त्याच क्षणी हात लावता येतो.

विजेनं माणूस मरतो तो मुख्यतः हृदय एकदम थांबल्यामुळं. बऱ्याचदा हृदय थोड्या वेळात आपणहून पुन्हा चालू होतं, पण श्वासाचं केंद्र बधिर झालेलं असतं. श्वास येत नाही, आणि प्राणवायूवाचून हृदय दुसऱ्यांदा थांबतं. मधल्या त्या काही मिनिटांत कोणी छाती दाबली आणि तोंडानं श्वास दिला तर माणूस परत येऊ शकतो. बाकीच्या अपघातांत आपण निपचित पडलेल्याला सोडून कण्हणाऱ्याकडं धावतो. विजेच्या बाबतीत उलटं करायचं. कण्हणारा श्वास घेतोय, तो बहुतेक वाचतो. जो निपचित आहे, ज्याला सगळे "गेला" म्हणतायत, त्याच्याकडं आधी जायचं.

हाक मारा, खांदा हलवा. उत्तर नाही, छाती हलत नाही, तर एकानं १०८ लावायचा आणि दुसऱ्यानं लगेच सुरू करायचं. माणूस कठीण जमिनीवर उताणा. छातीच्या मधल्या हाडावर, स्तनांच्या मधोमध, एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपर ताठ. छाती दोन इंच खाली गेली पाहिजे, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा. तीस वेळा दाबलं की नाक चिमटीत धरून तोंडावाटे दोन श्वास, पुन्हा तीस. दमलात की दुसऱ्याला द्या, पण थांबू नका. गाडीत घातल्यावरही नको. आभाळ अजून कडाडत असेल तर माणसाला आधी झाडापासून, उघड्यावरून हलवा, त्यात दोन मिनिटं घालवू नका.

आणि ज्या उठून बसल्या, "काही झालं नाही" म्हणाल्या, त्यांनाही दवाखान्यात न्या. ईसीजी काढायचा. बऱ्याचदा कानाचे पडदे फाटलेले असतात, ते त्यांना लगेच जाणवत नाही. कधी अंगावर नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उमटते. ती भाजल्याची जखम नसते, दिवसभरात विरते, तिच्यावर काही चोळू नका. काही भागांत माणसाला शेणात पुरतात. त्यात फक्त मोलाची मिनिटं जातात.

---

काळीमाती | १३ मे, रात्री ८:४५

डॉक्टर, तुमचा निरोप तीनदा वाचला. उपकार झाले. रडू आलं, पण बरं झालं सांगितलंत. कण्हत होती तिचा एक कान अजून ऐकत नाही. तिला मी उद्याच घेऊन जाते कानाच्या डॉक्टरकडं.

आता माझ्या शेताचं सांगते. रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत. विहिरीपाशी चार लोखंडी खांबांवर पत्र्याचं शेड, भिंती नाहीत. मधे एक चिंच, बांधावर लिंबं. पक्का कोठा शेजाऱ्याचा, चालत दहा मिनिटं. गावात ग्रामपंचायतीवर वीज अटकाव यंत्र बसवलंय, पण ते दोन किलोमीटर लांब. लोक म्हणतात, त्यानं सगळं शिवार झाकलं. खरं आहे का?

---

तारेवरचा | १३ मे, रात्री १०:३०

नाही. तो दांडा ज्या इमारतीवर आहे ती इमारत आणि तिच्या अगदी आसपासचा भाग, एवढंच तो सांभाळतो. ढोबळ हिशेब म्हणजे त्याची जमिनीपासून जेवढी उंची, साधारण तेवढाच घेर. दोन किलोमीटरवरच्या तुमच्या चिंचेला त्याचा काही उपयोग नाही. आणि त्याची अर्थिंगची पट्टी तुटलेली असेल, नाही तर कोणी भंगारात विकली असेल, तर त्या इमारतीलाही नाही. ग्रामसभेत विचारा, शेवटची तपासणी कधी झाली.

भिंती नसलेलं पत्र्याचं शेड पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही. उलट लोखंडी खांबाला टेकून बसलेला माणूस धोक्यात. चारी बाजूंनी पक्क्या भिंती, वर स्लॅब, आत वायरिंग आणि नळाचे पाइप असलेलं घर चांगलं, कारण वीज त्या वाटांनी जमिनीत जाते. फक्त तेव्हा नळाला, स्विचला, चार्जिंगला लावलेल्या फोनला हात नको.

आणि एक गोष्ट शेतात लोकांच्या लक्षात येत नाही. बंद गाडी! पत्र्याचं छत, काचा वर केलेल्या. वीज बाहेरच्या पत्र्यावरून फिरून जमिनीत जाते, आतला माणूस वाचतो. त्यात रबरी टायरांचा काही संबंध नाही, पत्र्याच्या पिंजऱ्याचा आहे. एसटी चालते, काळीपिवळी चालते. ट्रॅक्टर, दुचाकी, ताडपत्रीचा टप किंवा मागचा उघडा हौदा असलेला टेम्पो चालत नाही.

---

पाऊसवेडी | १४ मे, सकाळी ११:००

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी "दामिनी" नावाचं ॲप केलंय. देशभर बसवलेल्या यंत्रांचं जाळं वीज कुठं पडतेय ते टिपतं, आणि तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत विजा पडत असतील तर ॲप सांगतं. शेतावर एकाच्या तरी फोनमध्ये ते हवं, आणि त्या माणसानं दुपारी दोननंतर दर अर्ध्या तासानं ते उघडून बघायला हवं. पण रेंज नसेल तर? म्हणून डोळे-कान पहिले.

दुपारी ढग कोबीच्या गड्ड्यासारखा वर वर चढत असेल आणि त्याचा माथा ऐरणीसारखा चपटा पसरायला लागला, की तो विजेचा ढग. प्रकाश लगेच दिसतो, आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर चालतो. वीज चमकल्यावर आकडे मोजायचे. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्यावर पडू शकते. खरं तर मोजत बसण्याचीही गरज नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आलात. डोक्यावर ऊन असलं तरी. पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि सरता सरता पडलेल्या विजांनी फार माणसं नेलीयत, कारण तेव्हा कोणी सावध नसतं. शेवटच्या आवाजानंतर पुरी तीस मिनिटं जाऊ द्यायची.

---

इरलं | १४ मे, दुपारी १२:४०

शाळेत शिकवलं होतं ते विसरलात का सगळे? उघड्यावर सापडलं तर पाय जोडून उकिडवं बसायचं, डोकं गुडघ्यांत, कान हातांनी झाकायचे. आमच्याकडं भाताच्या लावणीला असताना आम्ही हेच करतो.

---

पाऊसवेडी | १४ मे, दुपारी १:१५

इरलं, ते चूक नाही, पण त्याला शेवटचा उपाय म्हणा. अमेरिकेच्या हवामान खात्यानं तर उकिडवं बसण्याचा सल्ला देणंच सोडलंय, कारण लोकांना वाटायला लागलं की बसलो म्हणजे सुटलो. पाच मिनिटांत गाठता येईल असं पक्कं घर असेल तर बसू नका, चालायला लागा. जवळ काहीच नाही, केस उभे राहतायत, अंगाला मुंग्या येतायत, तेव्हा बसायचं. आडवं मात्र कधीही पडायचं नाही, जमिनीला जितकं अंग जास्त टेकेल तितका जमिनीतला करंट जास्त. आणि भाताच्या खाचरात तुम्ही पाण्यात उभे असता, तिथून आधी बाहेर या.

---

धुरा | १४ मे, दुपारी ३:२०

आमच्या आईचं म्हणणं, पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला शेतात नेऊ नये, त्याच्यावर वीज पडते. माझा धाकटा भाऊ पायाळू. पावसाळाभर त्याला घरी ठेवायची आणि आम्हा बाकीच्यांना खुशाल वावरात पाठवायची. कोणाला पटवायचं असेल तर वडीलधाऱ्यांना चिडवू नका. "पायाळू असो नसो, सगळेच घरी येऊ" म्हणा, काम होतं. मोबाइलमुळं वीज ओढली जाते हेही खोटं, विळ्या-कोयत्यामुळंही नाही. उंच काय आहे ते तिला लागतं. म्हणून माळावर छत्री उघडून उभं राहू नका, तारेच्या कुंपणाला हात लावू नका.

(सापाचंही कोणीतरी लिहा. रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला जाताना बांधावर घोणस निघते. वेगळा धागा काढू का?)

---

ग्रामीण_डॉक्टर | १४ मे, सायंकाळी ६:००

काढा, तिथं लिहितो. तोवर एवढंच: गमबूट, बॅटरी, आणि चावलाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. प्रतिविष जिथं आहे त्या दवाखान्यात थेट.

---

बोरीबाभळी | १५ मे, रात्री १०:५०

मी हा धागा तीन दिवस वाचतेय. माझी आई रोजंदारीनं जाते, हिंगोली जिल्ह्यात. तिच्या बाजूनं लिहिते.

सोयाबीन काढणी रोजानं होत नाही, गुत्त्यानं होते. एकराला इतके, दहा बायांत वाटून. आभाळ आलं की मालकापेक्षा बायांनाच घाई होते. आज हे एकर उरलं तर उद्याचा दुसऱ्याचा ठरलेला गुत्ता बुडतो. तुम्ही म्हणता गडगडलं की निघा. निघाल्या, तासभर कोठ्यात बसल्या, त्या तासाचे पैसे कोण देणार? आई म्हणते, "म्या आधी बसले तर बाकीच्या म्हणतील आळशी." पहिली उठणारी बाई होणं फार अवघड असतं.

काळीमातीताई, तुम्ही विचारलंत ठरवायचं कोणी. मजुरानं ठरवायचं म्हटलं तर ते कधीच होणार नाही. ज्याचं शेत त्यानं ठरवायचं, आणि आभाळ आल्यावर नाही, गुत्ता ठरवतानाच.

आणि ती झोळी. झाडाला झोळी बांधतात कारण शेतात दुसरी सावली नसते. डबे झाडाखाली, पाण्याची घागर झाडाखाली, लेकरू झाडाखाली. गडगडलं की बाया झाडाकडं पळतात त्या निवाऱ्याला नाही, लेकराला. आधी लेकराची जागा बदला.

---

काळीमाती | १५ मे, रात्री ११:३०

हे मला सुचलंच नव्हतं. झोळी मी डोळ्यांनी बघितली होती, तरी सुचलं नव्हतं. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

---

सातबारा | १६ मे, सकाळी १०:२०

महसुलात काम करतो. घडू नये, पण घडलं तर कागद माहीत असावेत.

वीज कोसळून मृत्यू झाला तर वारसांना राज्य शासनाची ४ लाखांची मदत मिळते. जमीन नावावर असो नसो, मजुराच्या घरालाही. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. "देवाची मर्जी" म्हणून परस्पर अंत्यविधी केला की पुढं सिद्ध काही करता येत नाही. पोलीस पाटील आणि तलाठ्याला त्याच दिवशी कळवा. जनावरांचंही आहे: दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००. मेंढरामागं, तुमच्यासाठी लिहिलं. जनावर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घ्या.

शेतकऱ्यांसाठी शिवाय गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, मृत्यू झाल्यास २ लाख. त्यात खातेदार आणि त्याच्या घरातला एक सदस्य बसतो. भूमिहीन मजूर बसत नाही. म्हणून मजूर बायांच्या बँक खात्यावर पंतप्रधान सुरक्षा विमा योजना चालू आहे का, ते बघा. वर्षाला २० रुपये कापतात, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. खात्यात २० रुपये शिल्लक नव्हते म्हणून विमा बंद पडलेली घरं मी बघितलीयत. मे अखेरीला ते पैसे कापले जातात, म्हणजे आत्ताच.

---

सातासमुद्रापार | १७ मे, पहाटे ४:४०

मी फ्लोरिडात बांधकामावर देखरेख करतो. अमेरिकेत जिथं फार विजा पडतात त्यातलाच हा भाग. आमच्या साइटवर गडगडाट ऐकू आला की भोंगा वाजतो, क्रेनवरचा माणूस खाली येतो, सगळे गाड्यांत जाऊन बसतात, आणि त्या वेळेची मजुरी कापत नाहीत. कोणी कोणाला विचारत बसत नाही, कारण ते कामाच्या पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं. १९४३ मध्ये या देशात विजेनं चारशेवर माणसं गेली होती. आता वर्षाला सहसा तिसाच्याही आत. एक मोठं कारण म्हणजे तेव्हा बरीच माणसं उघड्या शेतात राबायची आणि पक्क्या वायरिंगची घरं कमी होती. बोरीबाभळी म्हणाल्या तेच खरं, आधी ठरलेलं असलं पाहिजे.

---

काळीमाती | २८ जून, रात्री ९:००

पेरणी आटोपली, आता सांगते काय केलं.

रोजाच्या बायांना पहिल्याच दिवशी सांगितलं: गडगडलं की काम बंद, माझ्या तोंडाकडं बघायचं नाही, तासाचे पैसे कापणार नाही. गुत्त्याच्या कामालाही हेच, आभाळामुळं थांबलेल्या वेळेचे रोजाच्या हिशेबानं वेगळे देणार. नवरा आधी कुरकुरला. मग आम्ही बसून मागच्या वर्षीचे थांबण्याचे दिवस मोजले, सगळे मिळून सहा भरले. सहा दिवसांतला तास-दीड तास, एवढाच खर्च.

बाया आणणारी काळीपिवळी पूर्वी सकाळी सोडून परत जायची आणि सहाला यायची. आता दुपारी दोनपासून शेताच्या तोंडाला उभी राहते. ड्रायव्हरला वरचे थोडे पैसे देते, तो आत झोप काढतो. दहाजणी आणि लेकरू असं दाटीवाटीनं मावतं.

झोळी शेडमध्ये बांधून बघितली, पण तारेवरच्या दादांचं खांबांचं वाचलं होतं म्हणून मन लागेना. आता लेकरू दुपारनंतर गाडीतच. दार उघडं ठेवून दोन सीटच्या मधे बांधतो. डबेही तिथंच.

डॉक्टर, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी एका दुपारी येऊन आम्हा बाराजणींना छाती दाबायला शिकवलं, पोत्यात भुसा भरून. आमच्यातली सगळ्यात म्हातारी होती तिनं पहिल्यांदा दाबलं.

---

तारेवरचा | २८ जून, रात्री ९:४०

चिंचेखाली कोणी बसतं का अजून?

---

काळीमाती | २८ जून, रात्री ९:५५

उन्हात बसतात. आभाळ आलं की नाही. चिंच तोडा म्हणून एक-दोघांनी सुचवलं, मी नाही म्हटलं. सासऱ्यांनी लावलेली आहे, आणि चैत्रात त्या एका सावलीवरच सगळ्यांची दुपार निघते.

---

काळीमाती | ११ ऑक्टोबर, रात्री ८:३०

धागा वर काढतेय. परवा सोयाबीन काढणीत दुपारी पावणेतीनला गुरगुरलं. सुडी अर्धी लागली होती, ताडपत्री घडी करून बाजूला. माझा पाय तिकडं वळला, खोटं सांगत नाही. तेवढ्यात हाक आली आणि सगळ्या निघाल्या, मीही निघाले. चाळीस मिनिटं गाडीत बसलो, काचा वर, आत घामाचा आणि भिजल्या लुगड्यांचा वास. आमच्या शेतात वीज पडली नाही. पलीकडच्या ओढ्याजवळ कुठंतरी पडली, गाडीच्या काचा थरथरल्या. सुडीची एक बाजू भिजली. दीड-दोन क्विंटल डागी निघेल, भाव कमी येईल.

आता ताडपत्री सकाळीच अंथरते. तिच्यावरच सुडी लावायची आणि उरलेली अर्धी बाजू उचलून टाकायची, दगड आधीच कडेला रचून ठेवलेले. दोघींचं दोन मिनिटांचं काम झालंय, आणि तेही गडगडायच्या आधी, ढग कोबीसारखा दिसला की.

---

बोरीबाभळी | ११ ऑक्टोबर, रात्री ९:१०

हाक कोण देतं? आईच्या टोळीत हाच प्रश्न अडलाय. वाऱ्यात हाक ऐकूही येत नाही, थाळी वाजवून बघितली.

---

काळीमाती | ११ ऑक्टोबर, रात्री ९:२५

थाळी आम्हीही बघितली, दोनशे पावलांवर विरते. शिट्टी घेतली, शाळेत खेळाचे सर वापरतात तसली, तीस रुपयांची. मागच्या वर्षी जिच्या लेकराची झोळी होती तिच्याकडं दिलीय. काळ्या पोतीशेजारी दोऱ्यात ओवून गळ्यातच ठेवते.